मागची भिंत

शनिवार पेठ, कोल्हापूर
२१ जून १९८१

चि. गौस यास,

पाकिटामागचं नाव वाचून तुला नवल वाटेल. तुमच्या घरात वरच्या दोन खोल्यांत मी एकोणीस वर्षं भाड्यानं राहते, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. तुझा मस्कतचा पत्ता तुझ्या बहिणीकडून, रशिदाकडून घेतला. गेल्या आठवड्यात ती मुलांना घेऊन गारगोटीहून चार दिवस आली होती. भाभींना, तुझ्या अम्माला, यातलं काही ठाऊक नाही. उत्तर लिहिलंस तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर लिही.

काम घराचं आहे. मागची भिंत फुगली आहे. भाभी ज्या खोलीत निजतात तिची, पलंगाच्या उशाकडची. आधी नुसते पोपडे पडायचे. भाभी पांढरी माती कालवून हात फिरवायच्या आणि महिनाभर बरं दिसायचं. गेल्या दिवाळीपासून ओल कमरेच्या वर चढली. आता मधला भाग पोटासारखा पुढं आला आहे. परवा मी तुळईपासून दोरीला दगड बांधून सोडून पाहिला. भिंत चांगली चार बोटं बाहेर आहे.

पाणी कुठून मुरतं ते कळत नाही. पावसाचंच असावं. परड्याकडच्या अंगाला सात-आठ कौलं फुटली आहेत, ती मी स्वतः मोजली. भाडेकरूनं मालकाला कळवायचं असतं, म्हणून कळवते. तुझे वडील, बाबालालचाचा, होते तेव्हा कळवावं लागत नव्हतं. मृगाच्या आधी शिडी लावून ते स्वतः कौलं चाळून घ्यायचे. ही भिंत त्यांनी स्वतःच्या हातानं रचली, हे तुला मी सांगायला नको. तू त्यांच्या हाताखालीच थापी धरायला शिकलास.

आता जे लिहिते ते भाडेकरू म्हणून नाही, चौथीत तुला शिकवलं त्या नात्यानं लिहिते. चाचा जाऊन या नोव्हेंबरात चार वर्षं होतील. तू मातीला आला नाहीस, त्यानंतरही आला नाहीस. रशिदा सांगते, पासपोर्ट कंपनीकडं अडकला होता. असेल. भाभींना ते पटत नाही. घरात तुझं नाव निघत नाही. तू पहिल्या वर्षी धाडलेली पाकिटं त्यांनी न फोडता चुलीत घातली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण गौस, म्हातारी बाई फुगलेल्या भिंतीला डोकं लावून निजते आणि तिचा गवंडी मुलगा परमुलखात लोकांच्या भिंती रचतो, हे काही बरं दिसत नाही. तुझी आणि त्यांची जी काय अढी असेल ती असो. घराकडं लक्ष घाल.

अनेक आशीर्वाद.
सरोजिनी वडगावकर


१४ जुलै १९८१

चि. गौस यास,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचायलाच बारा-पंधरा दिवस लागतात म्हणे, म्हणून रागावत नाही.

मी आपल्या जबाबदारीवर गणपतराव गवंड्याला बोलावून आणलं. तुझ्या वडिलांबरोबर त्यानं वीस वर्षं काम केलं, तुला आठवत असेल. त्यानं हातोड्याच्या दांड्यानं भिंत वाजवून पाहिली, बाहेरून पाया उकरून पाहिला. मग वर माझ्या खोल्यांत येऊन पाहून गेला. चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. त्याचं म्हणणं, भिंत आतून चिखल झाली आहे, पावसाळ्यात उतरवता येणार नाही, पण आज बाहेरून दोन आणि आतून दोन टेकू लावायचे आणि गणपतीनंतर निम्मी भिंत नव्यानं घालायची. तोवर त्या खोलीत कुणी निजायचं नाही.

भाभींचा रोजा होता. भिंतीशी बसून तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टेकूबिकू काय न्हाय लावायचं."

गणपतराव म्हणाला, "भाभी, अंगावर यील की ही."

"यिऊ दे. ज्येनं बांधली त्यो गेला. ज्येला शिकवलं त्यो आला न्हाय. आता दुसऱ्या कुनाचा हात ह्या भितीला लागायचा न्हाय."

"मी काय दुसरा हाय व्हय?" बिचाऱ्याला वाईट वाटलं. त्यानं पायरीवर बसून एक विडी ओढली आणि गेला. मी भाभींना म्हटलं, निदान पुढच्या खोलीत निजा, नाहीतर वर माझ्याकडं या. त्या म्हणाल्या, "बाई, तुमी तुमची शाळा बघा. रोज्यात डोस्कं खाऊ नगा."

आता तूच सांग, मी काय करायचं? मालक परदेशात, मालकीण हट्टाला पेटलेली. भाडेकरूच्या हातात काय असतं? तू दोन ओळी लिहून गणपतरावाला परवानगी दे. तुझ्या अक्षरातला कागद मी त्यांच्यासमोर धरीन. कदाचित ऐकतील. आणि नाही ऐकलं तर तू कळवलं होतंस, एवढं तरी होईल. नाहीतर उद्या काही झालं तर बोल तुझ्यावरच येणार आहे, हे लक्षात ठेव.

सरोजिनी वडगावकर


११ ऑगस्ट १९८१

चि. गौस यास,

रशिदाच्या नवऱ्यानं केलेली तार तुला मिळाली असेल. तारेत काय मावणार, म्हणून लिहिते.

गुरुवारी, सहा तारखेला, दुपारी साडेतीनच्या सुमारास भिंत पडली. ईद होऊन चारच दिवस झाले होते. आमच्या शाळेला सुट्टी होती. मी वर होते. आधी पायाखालची लाकडी पाटणी हलली आणि मग असा आवाज झाला, की मालमोटारीतून कुणी फरशा ओतल्या असं वाटलं. मागून धूळ वर आली. मी जिना कसा उतरले मला माहीत नाही. समोरची तानाबाई रस्त्यात उभी राहून ओरडत होती. तालमीतली पोरं लंगोटावर टॉवेल गुंडाळून तशीच धावत आली. गणपतरावाला कुणी बोलावलं कोण जाणे, तोही आला आणि पोरांना सांगू लागला, ह्यो दगड आधी, त्यो न्हाय, त्यो काढला तर वरचं खाली यील.

पाऊण तास लागला. भाभी पलंगावर नव्हत्या म्हणून वाचल्या. दाराजवळ बसून त्या चादरीला टाके घालत होत्या. कमरेखालचं सगळं मातीत. तोंडावरची माती मी पुसली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं बोलल्या ते इतकंच, "कुनीतरी डोस्क्यावर पदर घ्या माज्या." एवढी पुरुषमाणसं भोवती होती. मी पदर सारखा केला.

थोरल्या दवाखान्यात ठेवलंय. उजव्या खुब्याचं हाड मोडलंय. पायाला वजन बांधलंय, सहा आठवडे हलायचं नाही. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात, पण या वयात पूर्वीसारखं चालता येईल का, यावर ते बोलत नाहीत. सकाळी रशिदा असते. शाळा सुटली की मी जाते. पेज नेते, केस विंचरते.

वरच्या माझ्या मागच्या खोलीचा निम्मा भाग लोंबतो आहे. गणपतरावानं वासे लावून तो तात्पुरता धरला आहे. मी पुढच्या खोलीत राहते.

गल्लीत काय बोलतात ते तुला कळलं पाहिजे म्हणून लिहिते. नळावर, गिरणीत, दवाखान्याच्या व्हरांड्यात एकच विषय. तानाबाई तर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "ल्योक अरबांची घरं बांधतोय आनि हितं आई भितीखाली." लोक मान हलवतात. माझ्याकडं बघतात, कारण मी इतकी वर्षं घरातली. मी पेजेचा डबा घेऊन पुढं जाते.

सरोजिनी वडगावकर


३ सप्टेंबर १९८१

चि. गौस,

तुझं पत्र परवा शाळेत मिळालं. मधल्या सुट्टीत वाचलं. पुढचे दोन तास मी मुलांना शुद्धलेखन घालून खुर्चीत बसून राहिले.

तू लिहिलं आहेस, की वडील गेल्याचं तुला अकरा दिवसांनी कळलं. परांचीवर उभा राहून गिलावा करत होतास, खालून कुणीतरी चिठ्ठी वर दिली. तू ती वाचलीस आणि खिशात घालून भिंत पुरी केलीस, कारण खाली उतरून सांगायचं कुणाला हे तुला समजेना. पासपोर्टासाठी तीनदा गेलास, तिन्ही वेळा हाकललं. लिहिलं आहेस, की अम्माच्या पायावर पडलेली भिंत तुझीच आहे, लोक बोलतात ते खरंच आहे, डिसेंबरात करार संपला की तू येशील आणि त्यांची बोलणी ऐकून घेशील. इथवर मी वाचू शकले. शेवटी लिहिलंस, "बाई, तुम्ही तिच्याजवळ होता म्हणून ती वाचली. तुमचे उपकार मी फेडू शकणार नाही."

गौस, ती भिंत तुझी नाही. माझी आहे.

वरच्या मागच्या खोलीत मोरी आहे, तुला ठाऊक नसेल. तू गेल्यानंतरची आहे. माझे गुडघे धरायला लागले होते. धुण्याभांड्याला, अंघोळीला दर वेळी जिना उतरून परड्यात जावं लागे. मी तुझ्या वडिलांना दोनदा विचारलं, वर एक लहानशी मोरी करून द्याल का. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बाई, ही भित मातीची हाय. पान्याची न्हाय. वर मोरी केली तर खाली माज्या बायकूच्या उशाला वढा वाहील." ते तसेच बोलायचे. मला राग आला होता. वाटलं, मालक म्हणून अडवतात.

ते गेले. पुढच्या मार्चात रशिदाच्या पहिल्या बाळंतपणाला भाभी दीड महिना गारगोटीला होत्या. तेवढ्यात मी बाहेरचा एक गवंडी बोलावून मोरी करून घेतली. गणपतरावाला बोलावलं नाही, कारण तो नको म्हणाला असता. शहाबादी फरशी, कडेनं सिमेंट, आणि पाइप भिंतीतूनच खाली परड्याच्या गटारीत. बाहेरून पाइप न्यायला त्याला दोन दिवस जास्त लागणार होते आणि मला भाभी परतायच्या आत काम उरकायचं होतं. त्या आल्या, वर येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "केलीसा तर केलीसा. गुडघं दुखत्यात तुमचं." तुझ्या वडिलांनी मला काय सांगितलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

हे इथवरचं मी कदाचित स्वतःला माफ केलं असतं. पुढचं नाही. गेल्या कार्तिकात माझ्या लक्षात आलं, की वर बादलीभर पाणी ओतलं तर खाली गटारीत तांब्याभरच येतं. मी तीन वेळा ओतून पाहिलं, तीन वेळा जिना उतरून खाली येऊन बघितलं. बाकीचं पाणी कुठं जातं हे कळायला मला कुणाची गरज नव्हती. तुला पहिल्या पत्रात मी लिहिलं, पाणी कुठून मुरतं कळत नाही. ते खोटं होतं. कौलं फुटली होती हे खरं, पण ती मी तुला दाखवायला मोजली होती. मी बाजारातून सिमेंट आणून फरशीच्या कडेनं बोटांनी लिंपलं आणि मोरी वापरत राहिले. खाली जाण्याचा कंटाळा. दुसरं कारण नाही.

गणपतरावानं जुलैत विचारलेल्या चार प्रश्नांतला एक असा होता, "बाई, पावसाचं पानी वरनं खाली भिजवतं. ही मधनं भिजलीया. वरच्या मोरीचं पानी कुठं जातंय?" मी म्हटलं, ती मी आता वापरत नाही. त्यानं फरशीकडं पाहिलं. फरशी ओली होती. मग तो जिना उतरला.

आणि भिंत पडली त्या दुपारी मी वर काय करत होते ते तुला लिहिलं नव्हतं. मी कपडे धूत होते. तिसरी बादली होती.

ढिगारा उपसताना तुटलेल्या पाइपाचा बाक गणपतरावाच्याच हाताला लागला. त्यानं तो पाहिला, मला पाहिलं आणि दगडांआड ठेवून दिला. त्यानंतर महिनाभर गल्ली तुला नावं ठेवत होती आणि मी तिथंच उभी होते. तानाबाईचं वाक्य मी तुला लिहून धाडलं, पण ते खोटं आहे असं तानाबाईला एकदाही म्हटलं नाही. तुला पत्रातून शिकवत राहिले.

आता मी भाभींना सांगणार आहे. त्यांच्याआधी तुला सांगितलं, कारण तुझे आभार खिशात ठेवून मला त्यांच्यासमोर बसवेना. घर तुझं आहे. तू म्हणशील त्या दिवशी मी खोल्या रिकाम्या करीन.

सरोजिनी वडगावकर


२० सप्टेंबर १९८१

चि. गौस,

सांगितलं.

गेल्या शनिवारी सांगितलं. सकाळची शाळा होती, त्यामुळं दुपारीच दवाखान्यात गेले. रशिदा औषधं आणायला खाली गेली होती. मी आधी तुझं पत्र काढलं. तुझं नाव निघालं की करतात तसा भाभींनी 'पुरे' म्हणून हात वर केला, पण पायाला वजन बांधलेलं, उठून जाणार कुठं? मी वाचत राहिले. चिठ्ठी खिशात घालून तू भिंत पुरी केलीस तिथं आल्यावर त्यांनी हात खाली घेतला. पत्र संपलं तरी त्या छताकडं बघत होत्या. मग विचारलं, "अकरा दिस?"

"अकरा."

"तिसऱ्या दिसाची फातिहा झालती तवा. धाव्या दिसाचीबी झालती." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मी इचारलंच न्हाय कुनाला, त्येला कळवलं कवा ते."

तिथं थांबता आलं असतं. आई आणि मुलाचं काहीतरी जुळत होतं, त्यात माझं कशाला, असं एक मन म्हणत होतं. ते मन मला आता चांगलं ओळखीचं झालंय. मी मोरीचं सगळं सांगितलं. चाचांचं बोलणंसुद्धा सांगितलं, त्यांच्याच शब्दांत.

त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. एकोणीस वर्षांत त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

"माज्या पोराला चार गल्ल्या शिव्या देत हुत्या," त्या म्हणाल्या, "तवा तू हितं बसून मला पेज पाजत हुतीस की."

मी म्हटलं, "होय."

"माजं केस इंचरत हुतीस."

"होय."

"पाय माजा हाय, त्येचं मी बघती. भित पडायची ती मीच पडू दिली, गणपत सांगत हुता तवा मी आयकलं न्हाय. त्येचं मला काय सांगू नगंस." त्यांना दम लागला. मी पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही. "पर पोराचं नाव? ते का माज्याम्होरं हितं गेलंय? मला सांगून काय करतीस? जितं गेलंय तितं जाऊन सांग. नळावर सांग. गिरणीत सांग. त्या तानीला सांग. मग तोंड दाव मला."

रशिदा दारात उभी होती. तिनं किती ऐकलं मला माहीत नाही. माझ्या हातातला पेजेचा डबा तिनं घेतला, झाकण लावलं आणि परत माझ्या हातात दिला. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

सत्तावीस वर्षं मी मुलांसमोर उभी राहते, पण सोमवारी पहाटे नळावर जाताना मी दोनदा जिन्यातूनच परत फिरले. पंधरा-वीस जणी होत्या. मी घागर खाली ठेवली आणि म्हटलं, मला सगळ्यांना एक सांगायचंय. कुणी लक्ष देईना, एवढा गलका. मग शाळेत लावते तसा आवाज लावला. म्हटलं, खैरुनभाभींची भिंत गौसमुळं पडली नाही. माझ्या मोरीच्या पाण्यानं पडली. चाचांनी नको म्हटलं होतं, मी चोरून केली. पाणी मुरतंय हे मला गेल्या कार्तिकापासून माहीत होतं.

नळ वाहत होता, कुणी घागर लावेना. मग तानाबाई म्हणाली, "अगं बाई! आनि आमी त्या पोराला..." तिनं पदर तोंडाला लावला. चिमणाबाई मात्र सरळ म्हणाली, "मास्तरीन असून अशी? माजा नातू तुमच्या वर्गात हाय." मी नंबर सोडून घागर तशीच रिकामी घेऊन घरी आले.

गिरणीत सांगितलं. तालमीच्या कट्ट्यावर जाऊन सांगितलं, ज्या पोरांनी दगड उपसले त्यांना. एक जण म्हणाला, "जाऊ द्या बाई, झालं ते झालं." हे सगळ्यात जड गेलं. शुक्रवारी नमाजानंतर मशिदीबाहेर उभी राहिले. मोठी माणसं बाहेर आली, त्यांना सांगितलं. शाळेत मुख्याध्यापिकांना सांगितलं. त्या म्हणाल्या, याचा शाळेशी काय संबंध? मी म्हटलं, संबंध आहे, पालक विचारायला येतील. दोघे आलेही.

गणपतरावाकडं शेवटी गेले. तो अंगणात चाळणी दुरुस्त करत होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "मी वाट बघत हुतो, बाई. म्हटलं शिकल्यालं मानूस हाय, सांगंल आपनच." मग चाळणी बाजूला ठेवली. "पर माजंबी चुकलं. वली फरशी मी बघितलीती. मास्तरनीला खोटं कसं म्हनायचं, म्हनून गप बसलो."

मोरी मी फोडली. पहार मला उचलेना, तालमीतल्या एकानं फोडून दिली.

भाभींकडं अजून गेलेले नाही. सगळीकडं सांगून झालं का, याचा मी रोज विचार करते. कुणीतरी राहिलंच असेल.

सरोजिनी


४ ऑक्टोबर १९८१

चि. गौस,

भाभींना घरी आणून आठवडा झाला. पुढच्या खोलीत पलंग टाकलाय. रशिदा आहे. मागच्या बाजूला गणपतरावाचं काम सुरू आहे. आधी पाया उकरून सगळी ओली माती काढली, ती परड्यात वाळत पडली आहे. दगड जुनेच वापरतो आहे.

मी कसबा बावड्यात एक खोली पाहिली होती. आमच्या शाळेतल्या नंदिनीबाईंच्या शेजारी. तुझं उत्तर येईपर्यंत थांबावं असं वाटत होतं, पण रोज त्यांच्या दारावरून जिना चढणं जड जात होतं. आज सकाळी हातगाडी बोलावली. ट्रंक जिन्याच्या तळाशी आली तेव्हा आतून हाक आली, "बाईंना बोलीव."

रशिदा बाहेर आली आणि बाजूला सरकून तिनं मला आत जाऊ दिलं.

भाभींनी माझ्याकडं पाहिलं नाही. भिंतीकडं बघत म्हणाल्या, "कागद हाय का? लिवा. मी सांगती तसंच लिवायचं. तुमची शाळा त्यात घालायची न्हाय." ते खाली लिहिते. एकही शब्द बदललेला नाही.

"गौस, मी खैरुनबी बोलतीया. लिवत्यात त्या बाईच.

मी बरी हाय. पाय दोन बोटं आखूड झालाय. रशिदा धरती तवा दारापतोर जाती. चार-पाच दिसांनी बकरीद हाय. पायरीवर बसीन म्हनती.

तुजं पत्र आयकलं. मला वाटलं, कळूनबी आला न्हाईस. रशिदानं सांगितलं हुतं. मी तिला गप केलं. तुजी पाकिटं जाळली. त्यात काय हुतं ते आता कुनाला कळायचं न्हाय. तुला याद असंल तर परत लिव. न्हाय तर न्हाय.

भितीला हात लावू दिला न्हाय ती चूक माजी. पान्याची बाईंची. त्येनी समद्या पेठंत सांगितलंया, तानी येऊन मला सांगून गेली. मशिदीतनं दोघंजन आलते, त्येनीबी सांगितलं. तुजं नाव आता सोच्छ हाय. कुनी काय बोललं तर मला सांग.

भित गणपत बांधाय लागलाय. भितीसाटनं येऊ नगंस. बापाची कबर तू बघितली न्हाईस. बाभळीच्या अंगाला हाय, मी नीट सांगीन. ती बघाय ये. फातिहा पढ. मग माज्याजवळ बस. मला तुला काय काय इचारायचं हाय.

बाईंना घरात ठेवायचं का न्हाय, ते तू आल्यावर ठरीव. मालक तू हायस. माजं इचारशील तर माजं मन अजून कडू हाय. त्येंच्यासंगं मी बोलत न्हाय. पर रशिदाला तिचं घर हाय, ती किती दिस ऱ्हानार? मला उठवायला, बसवायला मानूस लागतंय. तवर त्येंची ट्रंक उंबऱ्याभाईर जायाची न्हाय.

सपलं. लिवा, अम्मा."

इथं मी थांबले. हे माझ्या हातानं लिहायचं मला बरं वाटेना. म्हटलं, भाभी, हे तुमचं तुम्ही करा. रशिदानं शाई आणली. भाभींनी अंगठा उमटवला, तो थोडा पसरला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यो न्हाय वळखायचा त्यो." मग अंगठा पदराला पुसून त्याच्या शेजारी दुसरा उमटवला, जपून, दाबून, कितीतरी वेळ. दोन्ही तसेच ठेवले आहेत.

हातगाडीवाल्याला मी परत पाठवलं.

सरोजिनी